पाऊस थांबला का?

दुबईत आमच्या ऑफिसखाली एक आयरिश पब आहे. काळसर लाकूड, मंद दिवे आणि थंडीच्या देशातलं जेवण, म्हणजे बटाटे घालून शिजवलेलं मटणाचं गरमागरम स्ट्यू. बाहेर डांबर वितळवणारं ऊन.

शनिवारी दुपारी एक म्हातारा आयरिश गृहस्थ तिथे येतो. बायको गेल्यापासून एकटाच. जेवण झालं की तो वेटरला विचारतो, "पाऊस थांबला का?"

वेटर केरळचा. तो दारापर्यंत जातो, काचेतून त्या रणरणत्या उन्हाकडे नीट बघतो आणि परत येऊन सांगतो, "नाही सर, धो धो चालू आहे. बसा थोडं."

कुणी हसत नाही. म्हातारा पुन्हा टेकतो.

पावसाच्या मुलखात बसून राहायला कारण शोधावं लागत नाही. इथलं आभाळ मात्र कुणालाच अडवत नाही.

परवा मी निघालो होतो. बायको-मुलं सांगलीला परत गेल्यापासून घराला कुलूपच असतं. वेटर कुठे दिसत नव्हता. मी दाराशी पोचलो, तेवढ्यात म्हाताऱ्याने मलाच विचारलं, "थांबला का हो?"

मी काचेतून बाहेर पाहिलं.

"नाही," म्हटलं, आणि त्याच्यासमोर जाऊन बसलो.