नसलेला दात

एमबीबीएसच्या शेवटच्या परीक्षेला तीन आठवडे उरले होते. शिरूरहून दौंडला जाणाऱ्या एसटीत मी पुस्तक उघडून बसले होते. शेजारच्या मावशी पदराचं टोक डाव्या जबड्यावर दाबायच्या, सोडायच्या, पुन्हा दाबायच्या.

"डाक्टरीण हाय का?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही. परीक्षा आहे."

"मंग सांगा. रानात चालाय लागलं की दात दुखतो, बसलं की थांबतो. काढून टाकला, तरी दुखतोय. दातच न्हाई, तर दुखतंय काय?"

दात, नस, जबड्याचा सांधा, सगळी पानं डोक्यात एकमेकांत मिसळली. चालताना दुखतं, बसल्यावर थांबतं, म्हणजे हृदय तर नसेल? पण चुकले तर? उगाच घाबरवलं तर?

"मावशी, आजच दौंडच्या सरकारी दवाखान्यात ईसीजी काढा. हृदयाचं असू शकतं."

त्या हसल्या. "पास झाल्यावर सांगितलं असतं, तर लगीच ऐकलं असतं."

मांडवगण फराट्याला त्या उतरायला पिशवी घेऊन उठल्या, माझ्याकडे पाहिलं आणि परत बसल्या. कंडक्टरकडून दौंडचं तिकीट काढलं.

दवाखान्यात मी त्यांच्यासोबत गेले. ईसीजी पाहून डॉक्टरांनी त्यांना तिथंच ठेवून घेतलं. घरी फोन लावायला मावशींनी मोबाइल माझ्या हातात दिला. माझं उत्तर बरोबर आल्याचा मला आनंद झाला होता, आणि तो त्यांना दिसू नये म्हणून मी खाली मान घालून नंबर लावत राहिले.