नाव न घेता केलेली तक्रार

तो फोन अजूनही जसाच्या तसा ऐकू येतो. तेव्हा माझी नेमणूक विश्रांतवाडी पोलीस ठाण्यात होती. पूर-अपघातात मदतीला धावणाऱ्या स्वयंसेवकांना पालिकेने मिळकत करात सवलत दिली होती. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "इथे एक जण खोटी सवलत घेतायत. पूर आला की घरातच बसलेले असतात. त्यांना यादीतून काढा."

"नाव सांगा."

"पत्ता देते. नाव तुम्ही शोधा."

नोकरीत मी शेकडो तक्रारदार पाहिले. समोरच्याचं नाव सांगून भागत नाही, त्याच्या सासुरवाडीपर्यंत पोचतात. या बाईंनी मजला सांगितला, दाराचा रंग सांगितला, नाव मात्र नाही. शिवाय ज्याला लबाड ठरवायचं त्याच्याबद्दल 'घेतायत', 'असतात' असं आदरानं बोलणं. मला खटकलं. पण आरोप फसवणुकीचा होता, चौकशी करणं भाग होतं.

आधी नदीकाठच्या वस्तीत त्या पत्त्यावरच्या गृहस्थांबद्दल विचारलं. एक जण म्हणाला, "साहेब, माझ्या आईला त्यांनीच पाठीवर बसवून बाहेर काढलं. खोटं कोण म्हणतंय?"

मग हवालदाराला घेऊन त्या पत्त्यावर गेलो. गृहस्थ टपाल खात्यातून निवृत्त झालेले, लहानपणापासून पट्टीचे पोहणारे. तक्रार सांगितली तर चिडले नाहीत.

"काढा नाव. सवलतही परत घ्या," ते म्हणाले. "पण पाणी चढलं की मी जाणार. त्याला यादी कशाला लागते?"

आत कपबशी आपटल्याचा आवाज झाला. त्यांची पत्नी चहा घेऊन आल्या. मी वही उघडली आणि सहज विचारल्यासारखं त्यांना विचारलं, "जबाबात लिहायचंय. यांचं पूर्ण नाव?"

"तेच सांगतील की."

"फोनवरच्या बाईंनीही नाव घेतलं नव्हतं," मी म्हणालो.

त्या खालीच बसल्या. पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "यादीतून नाव गेलं की बोलावणार नाहीत, असं वाटलं. करापायी चार पैसे जास्त गेले तरी चालतील हो. लोक येऊन सांगतात, तुमच्या मालकांनी आम्हाला वाचवलं. यांना काही झालं तर मी कोणाला सांगू?"

गृहस्थ म्हणाले, "अगं, मला म्हणायचंस."

"म्हटलं असतं तर ऐकलं असतंत?"

"नाही."

हवालदार खिडकीबाहेर बघू लागला. तक्रारीत तथ्य नाही, असा शेरा मारून मी प्रकरण निकाली काढलं. निघताना बाई म्हणाल्या, "आता हे जातील तिथे मीही जाणार. काठावर उभी राहीन."

त्याच वर्षी पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं आणि वस्तीत शिरलं. मी बंदोबस्ताला होतो. गृहस्थ कमरेला दोर बांधून एका घराकडे गेले होते. बाई शब्दाला जागून काठावर होत्या. अचानक दोर सैल पडला. पोरं तो ओढू लागली, तर टोक मोकळंच हाताला आलं.

"अहो!" बाई ओरडल्या. काठावरच्या सगळ्या नवऱ्यांनी मागे वळून पाहिलं. पाण्याकडून उत्तर नाही. पुन्हा "अहो!" पुन्हा काही नाही.

तेव्हा त्या बाईंनी, इतक्या वर्षांच्या संसारात न घेतलेलं ते नाव, सगळ्या काठाला ऐकू जाईल असं घेतलं.

भिंतीमागून आवाज आला, "आलो गं, आलो. म्हातारबाबांना बांधायला दोर सोडला, तो हातातून निसटला."

दोघेही सुखरूप बाहेर आले. बाईंनी त्यांना नुसता टॉवेल दिला.

माणूस काय बोलतो यावरून गुन्हा उकलतो, असं मी खात्यात शिकलो होतो. काय बोलायचं टाळतो तेही ऐकावं, हे या बाईंनी शिकवलं. या आठवणींत मी कुणाचंच नाव देत नाही, तो माझा नियम आहे. हे नाव तर नियम नसता तरी लिहिलं नसतं. ते त्यांनी घ्यायचं.