आउट झालेल्याचं गाणं

कोम्बिनीतल्या, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानातल्या, तळलेल्या चिकनचा वास आला की सेंदाईचं बेसबॉल मैदान आठवतं. माझं तिथल्या नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलेलं आणि ते वाढवणारे जपानी साहेब शेजारीच. मी बॉल टाकणाऱ्या पिचरच्या नकला करकरून त्यांना हसवत होतो, पण ते एका फलंदाजावर भडकलेले. ‘एवढ्या करोडोंचा करार, आणि बॅटला बॉल लागत नाही! द्या याला दुसऱ्या टीमला!’ तोच फलंदाज खेळायला आला आणि साहेब उभे राहून त्याचंच गाणं म्हणायला लागले. इथे प्रत्येक फलंदाजाचं वेगळं गाणं असतं, प्रेक्षकांनी म्हणायचं. मीही घसा फोडून ओरडलो, ‘मार रे बाबा, साहेबांचा मूड सांभाळ!’ तो आउट झाला. साहेब खाली बसून हळूच म्हणाले, ‘काल मीटिंगमध्ये तुझ्यासाठी खूप भांडलो. जमलं नाही.’ आता टोकियोतला नवा साहेब माझ्या बाजूने बोलला, की मी गुपचूप दुसरी नोकरी शोधायला लागतो.