समुद्रात पडलेले एकेचाळीस व्हॉल्व्ह

पाणीपुरवठा खात्यातल्या नकाशेबाई नवऱ्याचा वाढदिवस विसरतील, पण व्हॉल्व्हची जागा विसरायच्या नाहीत, असं नवराच सांगत फिरायचा. शहरातले व्हॉल्व्ह, मीटर, नळजोड अशा आठ लाख नोंदी त्यांनी अक्षांश-रेखांशांसकट डेटाबेसात बसवल्या होत्या. फक्त फुटलेल्या पाइपाजवळचा व्हॉल्व्ह विचारला, की यंत्र अकरा मिनिटं घ्यायचं. तोवर रस्त्याचं तळं. शेवटी साहेबांनी बजावलं, "शनिवारपर्यंत वेग आणा, नाहीतर ही थेरं बंद आणि तुम्ही तक्रार खिडकीत."

शोध लवकर लागावा म्हणून इंडेक्स, म्हणजे शोधसूची, तर बाईंनी केलाच होता. नकाशावर चौकटींची जाळी टाकायची, म्हणजे यंत्र नेमक्या चौकटीतच शोधतं. तरी अकराची साडेदहा होईनात.

शुक्रवारी चावीवाले काका टपकले. तीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवलेला माणूस. यंत्र हरलं तर त्यांना उकळ्याच फुटणार होत्या.

"काय गं, अजून दळतंयच का ते?"

"मीठ चोळायला आलात का काका?"

"मी कसं, आधी टाकी कुठली ते बघतो, मग गल्ली, मग खांब. सगळं गाव पालथं घालत नाही. तुझी चौकट केवढी?"

"गल्लीएवढी, आणखी केवढी," म्हणत बाईंनी मापं उघडली आणि गारच पडल्या. एकाच चौकटीत अख्खं शहर मावून वर शेजारची गावं बसत होती. इंडेक्सने चौकटींची संख्या तेवढीच ठेवून सगळ्यांत लांबच्या नोंदींपर्यंत जाळी ताणली होती, आणि तिचं एक टोक होतं भर समुद्रात, अक्षांश शून्य, रेखांश शून्य.

"काका, आपले एकेचाळीस व्हॉल्व्ह समुद्रात कसे?"

काका खिडकीबाहेर बघू लागले. "नोंदी भरताना काही व्हॉल्व्हची झाकणं सापडली नाहीत. रकाना रिकामा ठेवला की तुझं यंत्र कुरकुरायचं. म्हटलं, घे बाबा शून्य."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तीस वर्षांची अब्रू होती गं."

बाईंनी शून्यवाल्या नोंदी बाजूला काढल्या, जाळी शहरापुरती आवळली. शनिवारी साहेबांनी बटण दाबलं आणि बोट उचलायच्या आत उत्तर हजर. खात्री पटेना म्हणून त्यांनी सासऱ्यांच्या घराजवळचा व्हॉल्व्ह विचारला. तोही आला.

"राहू द्या मग," साहेब म्हणाले. याहून जास्त कौतुक त्यांच्या बायकोनेही कधी ऐकलेलं नाही.

सोमवारी बाईंनी काकांच्या हातात लोखंडी सळई दिली. "चला, झाकणं शोधायला."

"सगळी एकेचाळीस?"

"एक जरी राहिलं, तरी साहेबांना सांगेन कुणी बुडवलं ते."

काका सळईने रस्ता ठोकत निघाले. दुपारपर्यंत दोन सापडली. त्यातलं एक काकांच्याच फाटकासमोर, काकूंच्या कुंडीखाली.