पिवळ्या गव्हाखालचं शहर

अमेरिकेत रेडमंडला नवीन आलेल्या मराठी माणसाला कोणीतरी सांगतंच, "गुरुनाथकाकांकडे चहाला जाऊ नकोस, घोडा दाखवतील." मी गेले.

काका मूळचे नागपूरचे, नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करून रिटायर झालेले. सिकंदराचा लाडका घोडा झेलमच्या काठी मेला आणि त्याच्या नावावरून सिकंदराने तिथे बुसेफला नावाचं शहर वसवलं. पुढे नदीने पात्र बदललं आणि शहर नक्की कुठे होतं हेच कोणाला सांगता येईना. ते शोधायचं आणि जाणकारांच्या तोंडून 'हो, हेच' असं ऐकायचं, एवढंच काकांना हवं होतं.

"लोकांचे नवरे रिटायर झाल्यावर गोल्फ खेळतात," शैलजाकाकू चहा ठेवत म्हणाल्या. "आमच्याकडे घोडा. तोही मेलेला."

"घोडा नाही गं, शहर."

"पाय तरी ठेवलाय का तिथे कधी?"

काका हसले नाहीत. जन्मगाव नागपूर असलेल्या पासपोर्टावर पाकिस्तानातल्या शेतांत हिंडता येईल, ही आशा त्यांनी केव्हाच सोडली होती. ते उपग्रहाच्या चित्रांतून बघत. त्यातली युक्ती त्यांनी मला शिकवली. जमिनीखाली भिंत किंवा दगडी रस्ता असला की वर माती पातळ, गव्हाची मुळं खोल जात नाहीत, आणि तेवढाच गहू आधी पिवळा पडतो. मार्चमधल्या एका चित्रात, जुन्या सुकलेल्या पात्राशेजारी, हिरव्या शेतात पिवळ्या रेषा होत्या. सरळ, एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या. रस्ते असावेत तशा.

काकांनी एका पुरातत्त्वाच्या प्राध्यापिकेला मेल केली. तिने उत्तर दिलं: रेषा महत्त्वाच्या वाटतात, मी तिथल्या लोकांशी बोलते, तोवर जागा कोणाला सांगू नका. मग बरेच महिने काहीच आलं नाही.

"लपवायचं काय त्यात?" काका चिडले. "आपण सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांसाठी उघडा टाकतो. दहा जण रिव्ह्यू करतात, चूक असली तर तोंडावर सांगतात. झाकून ठेवलेलं कधी सुधारतं का?"

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातल्या कोणालाही हे पटलं असतं. काकांनी वेबसाइट केली आणि सगळं टाकलं. चित्रं, कोड, अक्षांश-रेखांश. खाली लिहिलं, 'कॉपी करा, तपासा, चुका काढा.' इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भरपूर अंगठे आले. जाणकारांपैकी कोणी फिरकलं नाही.

पुढच्या वर्षी काकांचा फोन आला. "येशील का जरा?" एवढंच.

स्क्रीनवर तेच शेत होतं. गहू नव्हता. पिवळ्या रेषा जिथे होत्या तिथे काळे गोल ठिपके होते, ओळीने. कडेला ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा.

"विहिरी?" मी विचारलं.

"खड्डे. नाणी, मूर्ती शोधायला खणलेत. शेजारच्या शेतात एक तरी दिसतोय का बघ."

दिसत नव्हता.

काकू मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. "काढून टाका ना ते वेबसाइटवरून."

"काढलं. लोकांकडे कॉप्या आहेत. मीच सांगितलं होतं करायला."

त्यांनी प्राध्यापिकेला कळवलं. या वेळी उत्तर लगेच आलं. मातीचे थर उलटेपालटे झाले, आता तिथे काय होतं आणि कधीचं, हे कोणालाच सिद्ध करता येणार नाही. शेवटी तिने लिहिलं होतं, 'मी थांबा म्हटलं होतं.'

मंडळाच्या गणपतीत विवेकने काकांच्या पाठीवर थाप मारली. तो त्यांच्या जुन्या टीममधला. "काका, चोर उगाच खणतात का यार? म्हणजे तुम्ही करेक्ट होता. काँग्रॅट्स."

"हो," काका म्हणाले. "रिव्ह्यू झाला." आणि हातातला मोदक तसाच टेबलावर ठेवून ते गाडीकडे गेले.

नवीन चित्र आलं की ते अजून उघडतात. रेषेवर न खणलेलं किती उरलंय ते बघतात आणि बंद करतात. काकू आता घोड्यावरून काही बोलत नाहीत.