कॅम्पातलं वाटाण्याचं सूप

माझे वडील देवळाली कॅम्पात ऑफिसरांच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. एकतीस वर्षं. हे वाक्य मी आज सरळ लिहिते आहे, पण लग्नानंतरची बावीस वर्षं सासरी मी ते एकदाही उच्चारलं नाही.

आम्ही कॅम्पाजवळच्या खेड्यातले. थोडी शेती, पण घर चालायचं अण्णांच्या पगारावर. आईला त्यांच्या कामाची किळस होती. मेसमध्ये डुकराचं मांस शिजतं, एवढं तिला पुरेसं होतं. अण्णा घरी आले की आधी मागच्या दारी आंघोळ, मग आत. त्यांचं ताट-तांब्या वेगळं. मी शाळेत "वडील मिलिटरीत आहेत" एवढंच सांगायचे आणि पुढचा प्रश्न यायच्या आत विषय बदलायचे.

मला बघायला पाहुणे येणार होते त्या सकाळी मी अण्णांना म्हटलं, "त्यांच्या घरात सासूबाई माळकरी आहेत. त्यांनी विचारलं तर ऑफिसात क्लार्क होतो म्हणा."

अण्णा दाढी करत होते. म्हणाले, "बरं."

विचारलं, आणि त्यांनी तसं सांगितलं. लग्न झालं. मी नाशकात द्वारकेजवळच्या फ्लॅटमध्ये नांदायला आले.

तीन वर्षांपूर्वी अण्णांना घशाचा कॅन्सर निघाला. आई तोवर गेली होती. रेडिएशनसाठी रोज नाशकात यावं लागणार, म्हणून भावानं त्यांना माझ्याकडे आणून सोडलं. आमच्याकडे रेडिएशनला शेक म्हणतात. पंधराव्या शेकानंतर त्यांना भाताची पेजही गिळवेना. डाळीचं पाणी, नाचणीचं आंबील, सगळं दोन घोटांत बाजूला. हॉस्पिटलातून येताना रिक्षात ते एकदम म्हणाले, "पी-हॅम असतं तर गेलं असतं घशाखाली."

"काय?"

"वाटाण्याचं सूप. हॅमचं हाड घालून. थंडीत करायचो मी. लय मऊ लागतं." मग लगेच, "नाय, उगा आपलं आठवलं."

त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू. मी ऑनलाइन एक स्लो कुकर मागवला. जाड मातीचं भांडं, खाली वीज, झाकण लावून आठ तास विसरून जायचं. घरात सांगितलं, अण्णांच्या खिमटीसाठी आहे. स्वयंपाकघराला त्या मांसाचा स्पर्श नको म्हणून तो गॅलरीत वॉशिंग मशीनशेजारी ठेवायचं ठरवलं. तिथे प्लग होता. सासूबाई दोन दिवसांसाठी नणंदेकडे सिन्नरला जायच्या होत्या, त्याच्या आदल्या दिवशी मी कॅम्पातल्या एका दुकानातून हाडासकट हॅम आणलं. तीन पिशव्यांत गुंडाळून. चोरीचा माल आणावा तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई गेल्या, नवरा कामावर गेला, आणि अण्णा गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर येऊन बसले. आवाज बसलेला, पण सूचना चालू.

"वाटाणे भिजलेत का? नखानं दाबून बघ. हॅम रात्री पाण्यात ठेवलं होतंस ना? नाय तर खारट होईल, माझा घसा जळेल. कांदा बारीक. गाजर. एकच तमालपत्र. मीठ घालू नको."

"आणि हलवायचं कधी?"

"हलवायचं नायच. त्याला त्याचं होऊ दे. मेसमध्ये कोळशावर सहा तास ठेवायचो मी. नवीन पोरं सारखी डाव घालायची, त्यांना ओरडायचो."

मला हसू आलं. अण्णा कुणावर ओरडू शकतात हे मला माहीत नव्हतं. दुपारभर ते बोलत होते. कोणत्या साहेबाला मिरी जास्त लागायची, कोण दोनदा मागून घ्यायचा. चार वाजता त्यांनी झाकण उचलायला लावलं. वाटाण्यांचं पार पीठ झालं होतं, मांस हाडापासून सुटलं होतं. "आता काढ," म्हणाले. "चाळणीतून घाल." त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

मी चाळणी शोधत होते तेवढ्यात दार वाजलं. नणंदेच्या घरी अचानक तिच्या सासरचे पाहुणे आले म्हणून सासूबाई त्याच दिवशी परतल्या होत्या. पिशवी हातातच होती. त्या सरळ गॅलरीच्या दारात आल्या.

"कसला गं हा वास?"

"अण्णांसाठी वाटाण्याचं सूप केलंय, आई."

"वाटाण्याला असा वास?" त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. अण्णांकडे वळून म्हणाल्या, "व्याही, तुम्ही इतकी वर्षं कॅम्पात होता. तुम्हाला कळत असेल हा वास कसला ते."

अण्णा खुर्चीतून उठले. "मी ऑफिसात होतो, विहीणबाई," ते म्हणाले. "मला स्वयंपाकातलं काय कळतंय?"

मी तिथेच उभी होते. बोलायला एक क्षण नाही, चांगली दोन-तीन मिनिटं होती. सासूबाई पदर नाकाला लावून त्यांच्या खोलीत जाईपर्यंत मी गप्प राहिले.

अण्णांनी प्लग काढला. ते जड भांडं दोन फडक्यांनी धरून, वाळलेल्या हातांनी पोटाशी कवटाळून, ते संडासात गेले. मी म्हटलं, "अण्णा, द्या, मी करते." त्यांनी आतून कडी लावली. मी तीन वेळा फ्लश ऐकला. हाड फडक्यात गुंडाळून बाहेर आल्यावर म्हणाले, "मोरीत ओतलं असतं तर तुंबली असती."

एक चमचासुद्धा त्यांनी चाखला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या भावाकडे निघून गेले. उरलेले शेक त्यांनी रोज बसनं येऊन पुरे केले. पुढे चौदा महिने जगले. त्या दुपारचा विषय दोघांनीही काढला नाही.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी पानात काय वाढायचं याचं बोलणं चाललं होतं. नवरा सहज म्हणाला, "अण्णांच्या हातचं साहेब लोक मागून मागून खायचे म्हणे. आपण मात्र कधी खाल्लं नाही."

माझ्या हातातली यादी तशीच राहिली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आईनं. लग्नाच्या आधीच. मामांनी कॅम्पात चौकशी केली होती ना."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"त्यात काय बोलायचं? मुलगी पसंत होती. आई म्हणाली, ती आपण होऊन सांगते का बघू."

म्हणजे त्या दुपारी सासूबाईंना सगळं ठाऊक होतं. तरी त्यांनी विचारलं, आणि मला नाही, अण्णांना विचारलं.

सासूबाई आहेत अजून. गुडघे गेलेत, हाताला धरून उठवावं लागतं. मी उठवते, चहा देते, त्यांचे पाय चेपते. त्यांना जाब विचारायचं रोज मनात येतं. पण जाब विचारला तर पहिला प्रश्न मलाच येईल: तू आपण होऊन का नाही सांगितलंस?