मीरासाब आणि गुंडूचे नकाशे

मीरासाब पत्र्याच्या ट्रंका करायचा. कोल्हापुरातल्या त्याच्या बोळात सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पत्र्यावर हातोडे पडत, आणि तो आवाज उभा जन्म ऐकून पन्नाशीच्या आतच त्याचे कान गेले. आधी पाखरं ऐकू येईनाशी झाली, मग बायकांचे आवाज, मग सगळंच. समोरचा सावकाश बोलला तर ओठांवरून थोडंफार कळायचं.

त्याचा दोस्त गुंडू शाळेत शिपाई होता. दोघांना नाद एकच, चालण्याचा. दिवाळी झाली की आठवडाभर सुट्टी काढून डोंगरवाटांनी कुठंतरी लांब जायचं. गुंडूनं जुन्या बाजारातून कापडावर चिकटवलेले सर्व्हेचे नकाशे मिळवले होते. ते उघडून बघितल्याशिवाय तो साधा ओढा ओलांडत नसे. मीरासाब हसायचा. "तोंड हाय की विचारायला. कागद कशाला वागवतोस?" भेटेल त्याला तो वाट विचारायचा आणि तिथंच बांधावर गप्पा मारत बसायचा. कान गेल्यावर मात्र सगळं गुंडूवर आलं.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात गुंडू काविळीनं गेला.

त्या वर्षी दोघांचं चंदगडला जायचं ठरलं होतं, गारगोटी, आजऱ्यावरून, डांबरी सोडून. दिवाळी सरली तसं मीरासाबनं एकट्यानंच निघायचं ठरवलं. मुलगी फातिमा त्याच्या तोंडासमोर येऊन उभी राहिली.

"अब्बा, वाट चुकली तर विचारशीला. पर सांगितल्यालं ऐकणार कसं?"

नकाशे न्यावेत तर ज्यांना जन्मभर हसलो तेच खांद्यावर घ्यायचे. त्यातून ते गुंडूचे. न न्यावेत तर पहिल्याच फाट्यावर खांबासारखं उभं राहायचं. कामातही त्याचं लक्ष लागेना. शेवटी एका संध्याकाळी तो गुंडूच्या घरी गेला. गुंडूच्या बायकोनं, बनाबाईनं, त्याला दारात बघितलं आणि काही न विचारता आतून नकाशांची गुंडाळी आणली.

"नको म्हणतोय वहिनी. त्याचं हाय ते."

बनाबाई एकेक शब्द सुटा करून बोलली. "घरात वाळवी खाईल. न्या तुमी."

नकाशे खरे निघाले. जिथं ओढा दाखवला तिथं ओढा, जिथं खिंड तिथं खिंड. गारगोटी मागं पडली. डोंगर चढला, उतरला. रात्री देवळाच्या ओवरीत नाहीतर एसटीच्या शेडमध्ये पडायचं आणि उजाडलं की चालायला लागायचं. कुणाला काही विचारायची गरजच पडेना. आजरा ओलांडल्यावर त्याच्या ध्यानात आलं, घरातून निघाल्यापासून आपण कुणाशी धड एक वाक्य बोललेलो नाही. माळावर थांबून त्यानं "गुंडू" असं मोठ्यानं म्हणून बघितलं. नुसता गळा थरथरला.

पुढं भाताच्या खाचरात एक माणूस कापणी करत होता. डावीकडची पायवाट खिंडीतनं थेट जाते, हे मीरासाबनं नुकतंच नकाशात बघितलं होतं. तरी त्यानं नकाशा पिशवीत तळाशी घातला आणि बांधाजवळ गेला.

"पावणं, चंदगडची वाट कुठली?"

माणूस काहीतरी बोलला. मीरासाबनं कानाला हात लावून मान हलवली. तसा माणूस विळा ठेवून वर आला, त्याचा दंड धरला आणि त्याला गाडीवाटेपर्यंत घेऊन गेला. ह्याला ऐकू येत नाही हे कळूनही तो सारा वेळ बोलत होता. मीरासाब त्याच्या तोंडाकडं बघत माना डोलवत चालला.

गाडीवाट चुकीची नव्हती, पण डोंगराला वळसा घालून जाणारी, अर्ध्या दिवसानं लांब. माणूस गेला की मागं फिरू, असं मीरासाबनं ठरवलं. वळणावर त्यानं वळून बघितलं. माणूस अजून तिथंच उभा होता, हातानं 'असंच सरळ' म्हणत. मीरासाबनं हात केला आणि त्याच वाटेनं तो चालत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो चंदगडात पोचला. पाय सुजले होते. येताना एसटीनं आला. फातिमानं पाय शेकायला गरम पाणी दिलं.

"सापडली न्हवं वाट?"

"सापडली की. एका माणसानं थोडं पोचवलं बी."

"काय म्हणला?"

"लई बोलला," मीरासाब म्हणाला. "काय ते कळलं न्हाय."

त्यानंतरही गुडघे धरेपर्यंत काही दिवाळ्या तो एकटाच चालला. नकाशे नेत असे, आणि एखाद्या बांधावर माणूस दिसला की थांबून वाटही विचारत असे.